चेहरा शब्दांत सांगता येतो का? ('अंडर द स्किन' ही मालिका आणि पोलिसांचे चित्रकार)

सांजवेळ

'अंडर द स्किन' ही चिनी मालिका नुकतीच पाहून संपवली. २०२२ च्या मार्चमध्ये आलेली ही वीस भागांची मालिका आहे आणि तिच्या मूळ चिनी नावाचा अर्थ साधारणपणे 'गुन्ह्यांच्या शिकारीचा सचित्र कोश' असा होतो. शेन यी हा तरुण चित्रकार तिचा नायक आहे (भूमिका तान जियानत्स यांची). सात वर्षांपूर्वी एका अनोळखी बाईने त्याला एका मुलाचे लहानपणीचे छायाचित्र दाखवले आणि हा मुलगा मोठेपणी कसा दिसेल ते काढून मागितले. त्याने हौसेने काढून दिले. त्या चित्रावरून एका पोलीस अधिकाऱ्याला शोधून ठार मारण्यात आले. त्या अधिकाऱ्याच्या हाताखाली तयार झालेला डू चेंग (जिन शिजिया) शेन यीला कधीच माफ करत नाही, आणि सात वर्षांनी नेमका तोच शेन यी त्याच्या पथकात पोलीस चित्रकार म्हणून रुजू होतो. एवढी कथा पहिल्याच भागात कळते, त्यामुळे हा रहस्यभेद समजू नये.

माझा प्रश्न मालिकेच्या बऱ्यावाईटाबद्दल नाही. साक्षीदार चार वाक्ये बोलतो, शेन यीची पेन्सिल फिरते आणि कागदावर जिवंत माणूस उभा राहतो, हे पाहताना मी डोळे मिटून माझ्या वडिलांचा चेहरा मनाशीच वर्णन करून पाहिला. चाळीस वर्षे रोज पाहिलेला चेहरा, आणि त्यांच्या भुवया जाड आहेत की विरळ हे मला सांगता आले नाही. मग रस्त्यावर अर्धे मिनिट पाहिलेला माणूस कोणी कसा सांगत असेल? आपल्याकडे वर्तमानपत्रांत 'संशयिताचे रेखाचित्र प्रसिद्ध' अशी बातमी येते, त्या चित्रांनी खरोखर कोणी सापडते का? कोणाला प्रत्यक्ष माहिती असेल तर अवश्य लिहावे.

खवचट_काकू

वर्तमानपत्रातली ती रेखाचित्रे पाहून मला दर वेळी आमच्या सोसायटीचे सचिव आठवतात. आजवर ते सुटले कसे, हाच माझा प्रश्न आहे.

घाटमाथा

मालिका चांगली आहे, परंतु मूळ कल्पनाच मला कालबाह्य वाटली. आज प्रत्येक चौकात, दुकानात आणि जिन्यात कॅमेरे आहेत. माणसाच्या आठवणीवरून चित्र काढण्याची गरज आता उरलेली नाही. शिवाय एका बालपणीच्या छायाचित्रावरून तिशीतला माणूस ओळखू येईल असे चित्र काढणे मला सर्वस्वी अशक्य वाटते. कथेचा सगळा डोलारा त्याच अशक्य गोष्टीवर उभा आहे.

निवृत्त_फौजदार

घाटमाथा, मी नोकरीची शेवटची सहा वर्षे कॅमेऱ्यांचे चित्रण पाहण्यातच घालवली आहेत, म्हणून लिहितो. कॅमेरा बहुधा उंचावर असतो, त्यामुळे त्यात टोपी दिसते, टक्कल दिसते, हेल्मेट दिसते, चेहरा क्वचित दिसतो. रात्रीचे चित्रण असेल तर गाडीच्या दिव्याने सगळे पांढरे झालेले असते. करोनानंतर तोंडाला रुमाल बांधून फिरणाऱ्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. कॅमेऱ्याने तपासाला फार मदत झाली हे मान्य आहे, पण ती आरोपी कोणत्या रस्त्याने आला आणि कोणत्या गाडीवरून गेला हे कळण्यासाठी. तो कोण आहे हे सांगायला अजूनही पुष्कळदा माणूसच लागतो.

राहता राहिले रेखाचित्र. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची चेहरा जुळवण्याची संगणक प्रणाली आहे, तीत डोळे, नाक, केस असे नमुने निवडून चेहरा बनवता येतो. तरीही आम्ही शक्य असेल तेव्हा चित्रकला शिक्षकांना बोलावत असू. कारण असे की फिर्यादी संगणकासमोर बसला की तो पडद्यावरच्या नाकांकडे पाहू लागतो आणि त्याच्या डोक्यातले नाक विसरतो.

रेघोट्या

फौजदार साहेबांनी ज्यांना बोलावले असते त्यांपैकी मी एक आहे असे म्हणायला हरकत नाही. ए.टी.डी. (कला शिक्षक पदविका) करून बत्तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली आणि त्या काळात तालुक्याच्या ठाण्यातून दहाबारा वेळा बोलावणे आले. त्यांतल्या दोन चित्रांचा उपयोग झाला असे नंतर कळले. बाकीच्यांचे काय झाले ते मी विचारले नाही आणि मला कोणी सांगितलेही नाही.

मालिकेत शेन यी साक्षीदारासमोर बसताच काढायला लागतो. प्रत्यक्षात पहिला पाऊण तास मी कागदाला हात लावत नसे. 'नाक कसे होते?' असा प्रश्न आधी विचारला की माणूस घाबरून काहीतरी उत्तर देतो आणि एकदा दिलेल्या उत्तराला चिकटून राहतो. म्हणून आधी इतर गोष्टी विचारायच्या. तुम्ही कुठे उभे होता, ऊन कोणत्या बाजूने येत होते, तुमच्या हातात काय होते, त्याच्या अंगाला कसला वास येत होता. माणूस मनाने त्या जागी परत जाऊन उभा राहिला की चेहरा आपोआप तुकड्यातुकड्यांनी येऊ लागतो. मी हे अनुभवाने शिकलो. पुढे कळले की अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात मुलाखतीची जवळपास हीच पद्धत शास्त्रशुद्ध करून पोलिसांना शिकवली.

एक प्रसंग सांगतो. मंगळसूत्र ओढून नेल्याची तक्रार होती आणि आजी सत्तरीच्या होत्या. मी विचारले, चेहरा कसा होता? त्या म्हणाल्या, 'आमच्या धाकट्या जावयासारखा.' झाले! त्यानंतर त्यांच्या डोळ्यांसमोर जावयाखेरीज दुसरे कोणी येईना. मी जे काढले ते पाहून त्या समाधानाने म्हणाल्या, 'अगदी हाच.' शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीने चित्र पाहिले आणि तिचा चेहरा पडला. हवालदारांनी जावई त्या वेळी कुठे होते याची चौकशीसुद्धा केली. बिचारे दूध संकलन केंद्रावर रांगेत उभे होते.

खवचट_काकू

रेघोट्या सर, जावयाला नंतर अधिकमासाचे वाण मिळाले का, तेही सांगा.

मनकवडी

रेघोट्या सरांच्या आजी हे उत्तम उदाहरण आहे. मी स्मरणशक्तीच्या संशोधनाशी संबंधित काम करते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

आपण चेहरा सुटे भाग जोडून पाहत नाही, एकसंध पाहतो. डोळ्यांमधले अंतर, नाकाखालची जागा, हनुवटीपर्यंतचा उतार हे सगळे एकाच वेळी नजरेत येते आणि त्यातून ओळख पटते. भाषेकडे मात्र भागांचीच नावे आहेत. त्यामुळे सांजवेळ यांना वडिलांच्या भुवया सांगता आल्या नाहीत यात काहीच विपरीत नाही; हजारोंच्या गर्दीत त्या वडिलांना क्षणात ओळखतील. ओळखणे आणि वर्णन करणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना दरोड्याची चित्रफीत दाखवली. त्यांपैकी काहींना दरोडेखोराच्या चेहऱ्याचे वर्णन लिहायला सांगितले आणि इतरांना दुसरेच काम दिले. नंतर छायाचित्रांतून दरोडेखोर ओळखायला सांगितले, तेव्हा वर्णन लिहिणारेच अधिक चुकले. हा निष्कर्ष अनेकांना अविश्वसनीय वाटला, म्हणून २०१४ मध्ये कितीतरी प्रयोगशाळांनी मिळून तो प्रयोग पुन्हा केला आणि परिणाम खरा निघाला. चेहरा शब्दांत मांडताना मूळ आठवणीला काही प्रमाणात धक्का लागतो, असा त्याचा अर्थ होतो.

याहून मोठी अडचण पुढे आहे. अनोळखी माणसाला पाहताना आपले लक्ष बाह्य गोष्टींकडे जाते: केस, कपाळाची रेषा, चेहऱ्याचा आकार. ओळखीच्या माणसाला आपण आतल्या भागावरून, म्हणजे डोळे, नाक आणि तोंड यांवरून ओळखतो. हे १९७९ पासून प्रयोगांनी दाखवलेले आहे. आता साखळी पाहा. साक्षीदार अनोळखी असतो, त्याला केस चांगले आठवतात आणि डोळे अंधूक आठवतात. चित्र छापले जाते ते मात्र आरोपीच्या ओळखीच्यांसाठी, म्हणजे शेजाऱ्यासाठी, नातलगासाठी, चहावाल्यासाठी, आणि हे लोक नेमका चित्रातला सर्वांत कच्चा भाग पाहतात. केस तर आरोपीने तोवर कापलेलेही असतात.

घाटमाथा

म्हणजे माझेच म्हणणे खरे ठरले. चित्रांचा उपयोग नाही.

मनकवडी

तसे नाही. उपयोग कमी आहे हे खरे, पण तो वाढवता येतो. २००२ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी चार साक्षीदारांकडून चार वेगवेगळी चित्रे करून घेतली आणि संगणकावर त्यांची सरासरी काढली. ही सरासरी स्वतंत्र चित्रांपेक्षा अधिक ओळखू येण्याजोगी निघाली. प्रत्येकाच्या चुका वेगवेगळ्या दिशेच्या असतात, त्या एकमेकांना खोडतात. तिथे पुढे अशीही प्रणाली निघाली की साक्षीदाराला काहीही वर्णन करावे लागत नाही. पडद्यावर पूर्ण चेहऱ्यांचा एक संच येतो, त्यातले जवळचे वाटतील ते निवडायचे, त्यांच्या मिश्रणातून पुढचा संच तयार होतो आणि असे करत करत चेहरा जुळत जातो. चेहरा एकसंध आठवतो हे तत्त्व त्या प्रणालीने मान्य केले आहे.

पूर्वदिशा

मी नोकरीनिमित्त सात वर्षे शांघायमध्ये आहे. मालिका इथे गाजली आणि २०२५ मध्ये तिचा दुसरा हंगामही आला. पोलीस चित्रकार या पेशाबद्दल इथे आधीपासून कुतूहल होते, कारण शांतुंग प्रांतातले लिन यूहुई हे निवृत्त पोलीस चित्रकार अपहृत मुले मोठेपणी कशी दिसतील याची चित्रे काढण्यासाठी देशभर प्रसिद्ध आहेत. त्यामुळे शेन यीने लहान मुलाच्या छायाचित्रावरून प्रौढ चेहरा काढणे इथल्या प्रेक्षकाला जादू वाटत नाही. इथे ती अनेक घरांची शेवटची आशा आहे.

एक कबुलीही देते. मालिकेचे पहिले दोन भाग पाहताना मला दोन दुय्यम अधिकारी वेगवेगळे आहेत हेच कळले नव्हते, सात वर्षे इथे राहूनसुद्धा! पण फिटंफाट झाली आहे. आमच्या कार्यालयात मी आणि एक तमिळ सहकारी असे दोघेच भारतीय आहोत. ती माझ्याहून एक वीत उंच आहे आणि तिला चष्मा आहे. तरीही पहिले वर्षभर लोक मला तिच्या नावाने हाक मारत.

सांजवेळ

पूर्वदिशा, तुम्ही लिहिलेत म्हणून धीर आला. मीही पहिले तीन भाग पुन्हा पाहिले. ते लिहायला संकोच वाटत होता.

मनकवडी

संकोचाचे कारण नाही. आपण ज्या लोकसमूहात वाढतो त्यांच्या चेहऱ्यांतले फरक टिपायला आपली नजर शिकते, इतरांच्या बाबतीत ती कच्ची राहते. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून यावर प्रयोग झालेले आहेत. गुन्ह्याच्या तपासात मात्र ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण साक्षीदार आणि आरोपी भिन्न समूहांतले असतील तर चुकीच्या माणसावर बोट ठेवले जाण्याचा धोका वाढतो.

फिर्यादी

मनकवडी यांच्या शेवटच्या वाक्याला मी एक खटला जोडतो. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात बलात्काराचा गुन्हा घडला. पीडित तरुणीने प्रसंग चालू असतानाच आरोपीचा चेहरा निश्चयाने लक्षात ठेवला होता. तिने पोलिसांना चेहऱ्याचे भाग जुळवून चित्र करून दिले, त्या चित्रामुळे रोनाल्ड कॉटन या तरुणाचे नाव पुढे आले, मग तिने छायाचित्रांत त्याला ओळखले, प्रत्यक्ष रांगेत ओळखले आणि न्यायालयातही ओळखले. तो कृष्णवर्णीय होता आणि ती गौरवर्णीय. दहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढल्यावर १९९५ मध्ये डीएनए तपासणीने तो निर्दोष आणि दुसराच माणूस गुन्हेगार ठरला. पुढे तिने त्याची क्षमा मागितली आणि दोघांनी मिळून साक्षीदारांच्या चुकांविषयी देशभर व्याख्याने दिली. ती खोटे बोलत नव्हती. प्रत्येक पायरीवर मागच्या पायरीचा चेहरा तिच्या मूळ आठवणीवर चढत गेला आणि शेवटी तिला कॉटनचाच चेहरा आठवू लागला.

आपल्याकडे म्हणूनच ओळख परेडीचे नियम काटेकोर आहेत. ती कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर होते, पोलिसांनी तिथे उपस्थित राहायचे नसते, आरोपीसारख्या दिसणाऱ्या इतर माणसांत त्याला उभे करायचे असते. आरोपीला न्यायालयात नेताना तोंडावर काळे फडके का असते, असे पुष्कळांना वाटते. ते त्याची अब्रू झाकण्यासाठी नसते. परेडीपूर्वी साक्षीदाराने त्याचा चेहरा पाहिला तर परेडीला अर्थ उरत नाही. एवढे करूनही परेडीतली ओळख हा स्वतंत्र पुरावा नाही, ती न्यायालयातल्या साक्षीला दुजोरा देते इतकेच. रेखाचित्राचे स्थान तर त्याहूनही खाली आहे. ते तपासाला दिशा देते. शेन यी जेव्हा चित्र समोर धरतो आणि आरोपी मटकन खाली बसून कबुली देतो, तेव्हा माझ्यासारख्याला पुढचा खटला दिसू लागतो आणि घाम फुटतो.

खवचट_काकू

पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात चालत नाही, हे आमच्या घरी नातवालासुद्धा ठाऊक आहे. त्यामुळे तो आजीसमोर कबूल करतो आणि आईसमोर फिरवतो.

ह्यूस्टनवासी

उपयोग होतो की नाही, या मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्या शहरात लोइस गिब्सन या पोलीस चित्रकार होत्या. त्यांच्या चित्रांमुळे साडेसातशेहून अधिक गुन्हेगारांची ओळख पटली आणि त्यासाठी त्यांचे नाव गिनेस विक्रमांच्या पुस्तकात नोंदले गेले आहे. तरुणपणी त्यांच्यावर स्वतःवर जीवघेणा हल्ला झाला होता आणि त्यातूनच त्या या कामाकडे वळल्या. त्यांची चित्रे जवळून पाहिली तर चित्रकला म्हणून ती साधी वाटतात. रेघोट्या सरांनी लिहिले तेच त्यांच्या कामातही दिसते: त्यांचे खरे कौशल्य हादरलेल्या माणसाला बोलते करण्यात होते.

याच देशातले उलटे उदाहरणही आहे. १९९५ च्या ओक्लाहोमा सिटी बॉम्बस्फोटानंतर, स्फोटासाठीचा ट्रक ज्या दुकानातून भाड्याने नेला होता तिथल्या कर्मचाऱ्यांच्या सांगण्यावरून दोन संशयितांची चित्रे निघाली. पहिले चित्र एका मोटेल मालकिणीने ओळखले आणि टिमोथी मॅकव्हे या खऱ्या गुन्हेगाराचे नाव मिळाले. दुसऱ्या चित्रातल्या माणसासाठी देशभर शोध चालला, अफवा उठल्या आणि कटाच्या कहाण्या रचल्या गेल्या. अखेरीस निष्कर्ष निघाला की ते चित्र एका निरपराध सैनिकाशी जुळणारे होते. तो दुसऱ्याच दिवशी त्या दुकानात आला होता आणि साक्षीदाराच्या मनात दोन दिवस एकत्र झाले होते. गंमत म्हणजे चित्र म्हणून ते चांगले होते. फक्त ते चुकीच्या दिवसाचे होते.

घाटमाथा

हे वाचून माझे पहिले मत थोडे मऊ झाले आहे. पण बालपणीच्या छायाचित्राबद्दल अजून कोणी समाधानकारक लिहिलेले नाही. पूर्वदिशा यांनी लोक विश्वास ठेवतात असे लिहिले आहे, ते शक्य आहे असे नाही.

रेघोट्या

रास्त आक्षेप आहे. लहान मुलाचे चित्र काढताना विद्यार्थी नेहमी एक चूक करतात: ते मोठ्या माणसाचाच चेहरा छोटा करून काढतात आणि मग मूल बुटक्या म्हाताऱ्यासारखे दिसते. कारण मुलाच्या चेहऱ्याची प्रमाणे वेगळी असतात. कवटीचा वरचा भाग पाचसहा वर्षांतच बराचसा पूर्ण वाढतो, म्हणून लहानपणी कपाळ मोठे आणि डोळे टपोरे दिसतात. त्यानंतर वाढतो तो खालचा भाग: नाकाचा दांडा वर येतो, जबडा खाली आणि पुढे सरकतो, गालांतली गोलाई ओसरते. ही वाढ सर्वांमध्ये साधारण एकाच दिशेने होते, त्यामुळे अंदाज बांधता येतो. शिवाय भुवयांची ठेवण, डोळ्यांची तिरकी रेषा, कानाच्या पाळीचा आकार अशा काही खुणा बऱ्याच अंशी टिकतात.

मात्र हरवलेल्या मुलांची अशी चित्रे काढणारे लोक आईवडिलांची आणि भावंडांची त्या त्या वयातली छायाचित्रे मागून घेतात, कारण जबडा आणि नाक कोणाच्या वळणावर जाईल हे त्यावरून ठरवता येते. शेन यीकडे एकच छायाचित्र होते. तेव्हा घाटमाथा, तुम्ही अर्धे बरोबर आहात. शक्य आहे, पण इतक्या तुटपुंज्या सामग्रीवर इतके अचूक साधणे याला नशीब लागते, आणि इथे ते दुर्दैव ठरले.

ह्यूस्टनवासी

वाढत्या वयाचे एक उदाहरण जोडतो. न्यू जर्सीत जॉन लिस्ट याने १९७१ मध्ये स्वतःच्या कुटुंबाची हत्या केली आणि तो नाहीसा झाला. १९८९ मध्ये फिलाडेल्फियाचे शिल्पकार फ्रँक बेंडर यांनी तो म्हातारपणी कसा दिसत असेल याचा अर्धपुतळा केला आणि तो दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. बेंडर यांनी हाडांइतकाच स्वभावाचा विचार केला. हा माणूस शिस्तप्रिय आणि प्रतिष्ठेला जपणारा, तेव्हा तो जाड काड्यांचा भारदस्त चष्मा घालेल असे त्यांनी ठरवले, आणि पुतळ्यासाठी जुन्या सामानाच्या दुकानातून तसा चष्मा आणला. कार्यक्रमानंतर अकरा दिवसांत लिस्ट पकडला गेला. त्याच्या डोळ्यांवर तसाच चष्मा होता.

निवृत्त_फौजदार

हे वाचून टोपी काढली.

छापील चित्रांचा इतिहासही गमतीचा आहे. १८८१ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या रेल्वेगाडीत खून झाला, तेव्हा वर्तमानपत्राने फरारी संशयित लेफ्रॉय याचे रेखाचित्र छापले. देशभरातून 'तो इथे दिसला' अशा खबरा आल्या आणि कितीतरी भलतीच माणसे अडवली गेली. तो सापडला तो, पैसे संपल्यामुळे पगार मागवणारी तार केल्यामुळे. उलट १९६१ मध्ये लंडनमध्ये एका दुकानातल्या बाईचा खून झाला, तेव्हा अमेरिकेतून नुकतेच आलेले, चेहऱ्याचे भाग जुळवण्याचे तंत्र पहिल्यांदा वापरले गेले, आणि पाच दिवसांत एका हवालदाराने रस्त्याने जाणारा आरोपी त्या चित्रावरून ओळखून पकडला. खात्यात राहून मला इतके कळले आहे की चित्र चांगले असून भागत नाही; ते लक्षात ठेवून गस्त घालणारा हवालदारही लागतो.

फिर्यादी

सांजवेळ यांनी विचारले नसले तरी मालिकेतला एक प्रश्न मला छळतो. ते चित्र काढून दिल्याबद्दल शेन यी दोषी आहे का? कायद्याने नाही. हेतू नव्हता आणि परिणामाची जाणीवही नव्हती. पण डू चेंग त्याला जो दोष देतो तो कायद्यातला नाही. अनोळखी बाई परक्या मुलाचा प्रौढ चेहरा मागते आणि चित्रकाराला 'कशासाठी?' एवढे विचारावेसे वाटत नाही, कारण त्याला स्वतःचे कौशल्य दाखवायचे असते. वीस भागांत मला सर्वांत खरी वाटलेली गोष्ट हीच.

पूर्वदिशा

फिर्यादी, माझ्या मते त्याहून अधिक खरी गोष्ट दुसरी आहे. शेन यी जगाचे चेहरे काढतो, पण त्या बाईचा चेहरा त्याला आठवत नाही. ती त्याच्यासमोर बसली होती आणि तो तिच्याकडे न पाहता हातातल्या छायाचित्राकडे पाहत होता. तो स्वतः साक्षीदार झाला, तेव्हा त्याची अवस्था रेघोट्या सरांच्या आजींसारखी झाली.

रेघोट्या

पूर्वदिशा, हे मला सुचले नव्हते, आणि चित्रकार म्हणून पटले. काढताना आपण विषयाकडे टक लावून असतो, आणि ज्याने काम आणले त्याच्याकडे पाहायचे राहून जाते.

यावरून शाळेतली एक गोष्ट सांगतो. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांत स्मरणचित्राचा पेपर असे. विषय यायचा 'सार्वजनिक नळावरचे दृश्य'. आमच्या गावातली मुले रोज नळावर उभी राहत. तिथला नळ वाकडा होता, हंडे प्लॅस्टिकचे होते, आणि रांगेत अर्धे पुरुष असत. तरीही तीस मुलांच्या तीस चित्रांत काष्टा नेसलेली बाई डोक्यावर पितळी घागर घेऊन निघालेली असायची. ती बाई आमच्या गावात कोणी पाहिलेली नव्हती. ती मार्गदर्शक पुस्तिकेत होती. ठाण्यात साक्षीदार जेव्हा 'दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, कपाळावर आठ्या' असे सांगू लागे, तेव्हा मला ती पितळी घागर आठवे आणि मी पेन्सिल खाली ठेवून पुन्हा पहिल्यापासून विचारू लागे.

खवचट_काकू

आता मात्र विनोद सुचत नाही. मी इंटरमिजिएटला तीच घागर काढून ए श्रेणी मिळवली होती.

सांजवेळ

सर्वांचे मनापासून आभार. एवढे वाचल्यावर काल रविवारी आम्ही घरी प्रयोग केला. माझी मुलगी दहावीत आहे आणि तिचा हात चांगला आहे. गेल्या महिन्यात आमच्या कोपऱ्यावर नवीन इस्त्रीवाले आले आहेत. मी त्यांना चारपाच वेळा पाहिले आहे आणि तिने एकदाही पाहिलेले नाही. रेघोट्या सरांच्या पद्धतीने तिने मला आधी दुकान, ऊन, कोळशाचा वास आणि त्यांनी कपड्यांचा गठ्ठा बांधताना काढलेले उद्गार विचारले. मी ठरवले होते की 'अमुकासारखा' हा शब्द उच्चारायचा नाही. दीड तास लागला, आणि मधे दोनदा तिने 'आई, हे तुला आठवते आहे की तू ठरवते आहेस?' असे विचारून मला गप्प केले.

चित्र झाल्यावर यजमानांना दाखवले. ते रोज त्या दुकानावरून जातात. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि विचारले, 'वाण्याचा भाऊ का?' मी चित्र घेऊन खाली गेले. इस्त्रीवाल्यांशी ताडून पाहिले, तर कपाळ, केस आणि कान बऱ्यापैकी जुळत होते. डोळे आणि तोंड अजिबात जुळत नव्हते, म्हणजे मनकवडी यांनी लिहिले होते तसेच झाले. चित्र पाहून ते हसले आणि म्हणाले, 'ताई, हा कोण आहे ते माहीत नाही, पण माझा चुलतभाऊ म्हणून खपेल.' दुसरा इस्त्रीचा गठ्ठा त्यांनी पाच रुपये कमी घेऊन दिला.

मुलगी आता म्हणते आहे की पुढच्या रविवारी बाबांनीही वर्णन करायचे आणि दोन्ही चित्रांची सरासरी काढायची. रेघोट्या सर, कोऱ्या कागदावर हाताने दोन चेहऱ्यांची सरासरी काढण्याची काही युक्ती असेल तर सांगावी.

रेघोट्या

खिडकीच्या काचेवर दोन्ही कागद एकावर एक धरा, डोळ्यांची बुबुळे जुळवून घ्या आणि वर तिसरा पातळ कागद ठेवून मधली रेघ काढा. सकाळच्या उजेडात करा. आणि वडिलांना आईचे चित्र आधी दाखवू नका.